सासऱ्यांचे मोजे

गॅरेजच्या बाकावर पंक्चर निघायची वाट बघत बसलेल्या शिक्षिकाबाईंनी वर्तमानपत्रात डोकं घातलं होतं, पण कान शेजारच्या नवराबायकोकडे होते. मेकॅनिक हात पुसत आला.

"साहेब, एसीच्या फिल्टरमागे उंदीर मरून पडला होता. तोच घाण मारत होता."

"ऐकलंस? बाबांचे मोजे नव्हते!"

"अगं, मी नुसती शंका घेतली होती."

"शंका? भर रस्त्यात त्यांना पाय खिडकीबाहेर काढायला लावलेस!"

"बरं, चुकलं. आता काय उंदीर घेऊन पाया पडू?"

"फोन लाव. स्पीकरवर."

"बाबा, वासाचं कारण सापडलं. एसीत उंदीर मेला होता."

"अरेरे! माझ्या मोज्यांनीच मेला असेल, जावईबापू."