मागच्या सीटचे बोल्ट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या वर्कशॉपचे मालक आदरणीय शेठ, व्यासपीठावर बसलेले ट्रॅक क्लबचे सेक्रेटरीसाहेब, लांबच्या शहरातून माझ्या मुलीला न्यायला, माफ करा, तिचं अभिनंदन करायला आलेले रेसिंग टीमचे मॅनेजरसाहेब, वर्कशॉपमधले सगळे मेकॅनिक, रंगारी, हिशेबाच्या बाई, आणि पहिल्या रांगेत बसून आत्तापासूनच मला ‘आटपा’ अशी खूण करणारी माझी पत्नी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझा आवाज मागेपर्यंत पोचतोय ना? मी पहिल्यांदाच धरलाय म्हणून माइक असा खडखडतोय, त्यात माइकचा दोष नाही.

मी कमी शिकलेला माणूस. गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवण्यात माझा जन्म गेला. त्या कामात माणूस गाडीत ओणवा होऊन, दातांत दोरा धरून बसलेला असतो, त्यामुळे बोलायची सवय लागत नाही. पण शेठ म्हणाले, “काका, मुलीचा निरोप समारंभ आहे, वडिलांनी दोन शब्द बोलायलाच हवेत.” निघताना हिच्या आईने मला दोन गोष्टी बजावल्या. “अहो, तिथे रडायचं नाही. आणि सीटचा विषय काढायचा नाही.” पहिली गोष्ट मी अजून तरी पाळली आहे.

आपण सगळे हिला पानाताई म्हणता, कारण हिच्या हातात कायम पाना असतो. घरी ती बेबी. केसांत पांढरं दिसायला लागलं तरी बेबीच. तर या बेबीने एक दिवस एक जुनी, राखाडी रंगाची, साधी घरगुती गाडी आणली. कशासाठी? आईच्या कंबरेसाठी. हिच्या आईची कंबर धरलेली, आठवड्यातून दोनदा व्यायामाच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे, आणि बसमध्ये चढणं तिला जमेना. मला फार आनंद झाला. मी त्या गाडीची मागची सीट स्वतः उसवली. आईच्या पाठीला जिथे टेका लागतो तिथे जाड भरण घातलं, कड दुहेरी शिवली. आयुष्यात इतक्या लोकांच्या सीट शिवल्या, पण बसणारं माणूस घरचं आहे अशी ती पहिलीच.

मग क्लबच्या कुणीतरी, मी त्यांचं नाव घेत नाही, ते व्यासपीठावरच बसले आहेत, हिला म्हटलं, “एकदा रविवारी ट्रॅकवर येऊन तर बघा.” सेक्रेटरीसाहेब, तुम्ही हसताय. तुम्हाला हसू येणारच. तुमच्या घरी मागे कोण बसतं?

ती गेली, आणि परत आली ती वेगळीच. जेवताना ताटात बोटाने वळणं काढायला लागली. पुढच्या आठवड्यात गाडीच्या स्प्रिंगा बदलल्या. गाडी इतकी कडक झाली की रस्त्यावर काडी आडवी पडली तरी मागे कळे. हिची आई म्हणाली, “बेबी, आज डॉक्टरांकडे जायची गरजच नाही. माझे सगळे मणके वाटेतच मोकळे झाले.”

मी म्हटलं, “बेबी, ट्रॅकसाठी वेगळी गाडी घे. ही आईची राहू दे.”

ती म्हणाली, “बाबा, नुसती ट्रॅकची गाडी कुणीही करेल. सोमवारी आईला अलगद न्यायची आणि रविवारी सगळ्यांच्या पुढे काढायची, ती एकच गाडी. खरं काम त्यात आहे.”

“अगं, दोन्ही डगरींवर हात ठेवणारा मध्येच पाण्यात पडतो.”

“मग पोहायला शिकेन.”

आता याला काय उत्तर द्यायचं? आपल्यापैकी कुणाला सुचलं तर मला चहाच्या वेळी सांगा.

पण खोटं कशाला बोलू, पोरीने ते करून दाखवलं. असे शॉकअप बसवले की त्यांना वर एक गुंडी. एका बाजूला फिरवली की गाडी दगड, दुसऱ्या बाजूला फिरवली की गादी. सायलेन्सरचा आवाज रस्त्यावर चालेल इतका खाली आणला. शेजारच्या कुत्र्याने त्यानंतरच आमच्याशी पुन्हा ओळख ठेवली. आणि शनिवारचा एक नेम पडला. दुपारी ब्रेकचे पॅड बदलायचे, चाकं बदलायची, गुंड्या फिरवायच्या आणि वजन कमी करायला मागची सीट काढायची. माझी सीट. ती काढून आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवायची. रविवारी ही ट्रॅकवर गेली की हिची आई त्या सीटवर येऊन बसे. खुर्च्या होत्या घरात, पण रविवारी तिला खुर्ची चालायची नाही. म्हणायची, “गाडीत नाही तर नाही, सीटवर तरी तिच्याबरोबर आहे.”

मी काय करायचो? मी बोल्ट सांभाळायचो. सीटचे चार बोल्ट. बेबी ते काढून माझ्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, “बाबा, बोल्ट.” मी ते माझ्या बटणांच्या डबीत ठेवायचो आणि दर थोड्या वेळाने झाकण उघडून बघायचो. हिची आई हसायची, “त्यांना पाय फुटत नाहीत हो.” पण पोरगी तिकडे पट्ट्यांनी स्वतःला सीटला आवळून गरगर वळणं घेत असताना बापाच्या हातात दुसरं होतंच काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. निदान बोल्ट धरता येत होते. मग संध्याकाळी गाडीचा आवाज यायचा, बेबी दारात उभी राहायची, चेहऱ्यावर हेल्मेटचा वळ, आणि हात पुढे. “बाबा, बोल्ट.” तेव्हा कुठे माझा रविवार सुटायचा.

एकदा मात्र घोटाळा झाला. रविवारी ती दमून आली, आणि सोमवारी आईची कंबर एकाएकी लचकली. घाईत सीट लावली, चाकं बदलली, पण ब्रेकचे ट्रॅकवाले पॅड तसेच राहिले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मलाही तेव्हाच कळलं: ते पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या फाटकाशी हिने ब्रेक दाबला. गाडी आपली संथपणे पुढे. फाटक गेलं, पायरी आली, आणि दाराशी मांडलेल्या फुलांच्या कुंड्या एकामागून एक आमच्या बंपरखाली गेल्या.

“बाबा, पॅड थंड आहेत!”

मी ओरडलो, “मग तापणार कधी? दवाखान्यात शिरल्यावर?”

मागून हिची आई शांतपणे म्हणाली, “बेबी, अगदी दारात सोडलंस. चालायचा त्रास वाचला.”

कुणाला लागलं नाही. पण ते बेबीच्या मनाला लागलं. तिने ट्रॅकचं सगळं सामान काढून इथे वर्कशॉपच्या माळ्यावर टाकलं. गाडी पुन्हा साधी, मऊ. शनिवार आला की ती कपड्यांच्या घड्या घालत बसे. मला काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं. काही आठवडे मी सुखाने झोपलो. आणि मग एका शनिवारी बाहेर खुडबूड ऐकू आली, तर हिची आई, कंबरेला पट्टा बांधलेली, गाडीत वाकून सीटचा बोल्ट काढायला फिरवते आहे. उलट्या बाजूला, म्हणजे आणखी घट्ट.

मी म्हटलं, “अगं, काय करतेस?”

ती म्हणाली, “ही मऊ गाडी मला नको. हिच्यात बसलं की आरशात पोरीचं उतरलेलं तोंड दिसतं. कंबर दुखलेली मला चालेल.”

मला कुणी विचारलं नाही. घरात एकाला दोघी असल्या की विचारत नाहीत. सामान माळ्यावरून खाली आलं, आणि बोल्ट माझ्या डबीत.

पुढचं आपणा सर्वांना माहीत आहे. मॅनेजरसाहेबांनी ट्रॅकवर ही राखाडी गाडी बघितली. ती मोठमोठ्या गाड्यांच्या मागे चिकटून चालली होती. त्यांनी चौकशी केली, तेव्हा त्यांना कळलं की ही गाडी सोमवारी एका म्हाताऱ्या बाईला व्यायामाला नेते. ते म्हणाले, अशी गाडी करणारी बाई आमच्या टीमला हवी. साहेब, तुमचा राग नाही. तुमची नजर चांगली, हेच आमचं दुर्दैव.

तर उद्या सकाळी बेबी निघणार. तीच गाडी घेऊन. काल, शनिवार नसताना, सीट बाहेर आली. मागे चाकं आणि हत्यारांची पेटी ठेवायची होती. तिने माझ्या हातावर बोल्ट ठेवले. “बाबा, बोल्ट.” मी विचारलं, “परत कधी लावायची?” ती चाकांना दोर बांधत होती. म्हणाली, “बघू.”

मंडळी, इथे बरेच आईबाप बसले आहेत. लहानपणी आपण पोरांना ज्या ज्या गोष्टीला ‘बघू’ म्हणतो, त्यातल्या किती होतात?

आज सकाळी मी शेठना गाठलं. म्हटलं, चाकं टेम्पोने पाठवता येतील का? शेठ देवमाणूस, म्हणाले, “काका, त्यात काय, आजच पाठवतो.” मी धावत घरी. “बेबी, चाकांची सोय झाली, सीट लाव.” तिने सीटच्या दुहेरी कडेवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, “बाबा, तिथे मागे बसणार कोण?”

‘आम्ही’, असं म्हणायचं होतं. पण डॉक्टरांनी हिच्या आईला सांगितलंय, लांबचा प्रवास आता नाही, गाडी कितीही मऊ असो. आणि आईला सोडून मी कुठे जाणार? पोरीला थांब म्हणावं, तर उद्यापासून आरशात पुन्हा तेच तोंड. जा म्हणावं, तर जीभ रेटत नाही. ती उभी, मी उभा, आणि मध्ये ती सीट, भिंतीला टेकलेली.

बेबी, तू मान खाली घालू नकोस. तुझी आई बघ, मला खूण करायची थांबली आहे. आता तीच रडते आहे, म्हणजे मी सुटलो.

शेठ, आपण माझ्या मुलीला काम शिकवलंत आणि दिलंतही, आपले आभार. वर्कशॉपमधल्या मंडळींनो, तिच्या गाडीखाली तुम्ही कितीतरी शनिवार झोपून काढलेत, तुमचे आभार. आईच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या यापुढे आपसात वाटून घेतो म्हणालात, त्याचे तर कसे मानू? सेक्रेटरीसाहेब, आपलेही आभार, थोडे कमी. मॅनेजरसाहेब, ती दमली की काही ना काही विसरते. सोमवारी पॅड तेवढे तपासायला लावा.

माझ्या बोलण्यात कुठे टाका सुटला असेल, कुणाला सुई टोचली असेल, तर शिवणारा हात म्हातारा आहे एवढं जाणून सगळ्यांनी पोटात घाला.

बोल्ट माझ्या खिशात आहेत. येताना वाटलं होतं, इथे सगळ्यांसमोर तुझ्या हातावर ठेवावेत. पण नाही देत. तुझ्या पेटीत हजार बोल्ट, त्यात हे कुठले ते ओळखू यायचे नाहीत. माझ्या डबीत हे चारच आहेत.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं घरीच असतो, बेबी. तू फक्त हात पुढे कर.