जिवनबाईचं पान

पुंजाजी : तसं न्हाई, मुजाहिद. तुझ्या मनानं टाकू नको. चिठ्ठीवर हाय तसंच टाक, अक्षर न् अक्षर.

मुजाहिद : काका, आधी बसा तर. रवीची माती होऊन पाच दिवस झाले, अन् एवढ्या उन्हात तुम्ही कनेरगावहून हिंगोलीला आलात. निरोप दिला असता तर मीच आलो असतो.

पुंजाजी : टाक म्हणलं ना. ही चिठ्ठी पोराच्या खिशात घावली. आदिलाबादच्या दवाखान्यात नर्सबाईनं कपड्यासंग देली.

मुजाहिद : टाकतो. हे आपल्या नेट कॅफेच्या साइटचं नाव. मग तिरपी रेघ. मग जिवनबाई.

पुंजाजी : काय आलं? मला इंग्रजी येत न्हाई, पण बाईचा फोटो न्हाई एवढं दिसते.

मुजाहिद : पान सापडलं नाही, असं आलंय.

पुंजाजी : म्हंजे नेमसिंग खरं बोलत व्हता.

मुजाहिद : कोण नेमसिंग?

पुंजाजी : वारंगा फाट्यावरचा ट्रकवाला. त्यानंच रवीला आदिलाबादला गाठून चिठ्ठी देली. मातीला आला तवा मला बाजूला घेऊन सांगितलं. रवी चिठ्ठी घेऊन लगेच नेटवर गेला म्हणे. अर्ध्या घंट्यानं आला तर तोंड काळंठिक्कर. म्हणला, तिथं काहीच न्हाई. बाईचं नाव लिहून मला बोलवून राहिले, हे पोलिसाचं काम हाय.

मुजाहिद : त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं, की बाई मेली.

पुंजाजी : काहून न्हाई वाटणार? ती त्याच्या जीपखाली आली तवा नाक्यावर समदे वरडले, बाई गेली, बाई गेली. पोरगं जीप सोडून पळालं. मोबाइल बी फेकला. अन् इकडं जिवनबाई पंधरा दिवसांनी नांदेडच्या दवाखान्यातून पायात सळई घालून घरी आली.

मुजाहिद : फोटो काढायला मीच तर आलो होतो. काठी धरून दारात उभ्या राहिल्या. त्या दिवशीचा पेपर हातात दिला, तारीख दिसावी म्हणून.

पुंजाजी : तीच म्हणली, लेकराला दाखवा मी जिती हाय. वकील बी म्हणला, हजर झाला की जामीन होते.

मुजाहिद : चिठ्ठीवरच तसं लिहायला पाहिजे होतं, काका.

पुंजाजी : दोनशे चिठ्ठ्या छापल्या, दोनशे डायव्हरला वाटल्या, कुठं रवी दिसला तर द्या म्हणून. कोणाकोणाच्या तोंडाला हात लावू? एखाद्यानं ठाण्यात नेऊन देली असती. पोरगं हजर व्हायच्या आधीच मारत आणलं असतं. म्हणून निसता पत्ता छापला. नेमसिंगला बी बोललो न्हाई. आता वाटते, त्याला एका शब्दानं सांगितलं असतं तर.

मुजाहिद : अन् ताप कधी भरला?

पुंजाजी : नेटवर जाऊन आला त्याच्या तिसऱ्या दिवशी. एका गोदामावर हमाली करून राहिला व्हता. संगचे म्हणले, सरकारी दवाखान्यात जाय. हा म्हणे न्हाई, तिथं नाव लिहितात, गाव लिहितात. तसाच पोत्यावर पडून राहिला. नेमसिंग दुसऱ्या खेपेला गेला, त्यानं उचलून नेला, तवा बोलत नव्हता. डेंगू व्हता म्हणे. मी पोचलो तर झाकून ठेवला व्हता.

मुजाहिद : काका, पाणी घ्या थोडं.

पुंजाजी : पाणी राहू दे. एक सांग मला. पत्ता छापताना माझ्या हातून काही राहिलं का? प्रेसवाल्याला मीच सांगितला. चौथी शिकलेला माणूस मी. एखादं अक्षर खाल्लं असंल.

मुजाहिद : शेवटचं राहिलं. डॉट एचटीएमएल. पानाच्या नावामागं ते लागतं. ते टाकलं की उघडतं. हे बघा.

पुंजाजी : आली. हीच बाई. खाली लिहेल बी हाय. 'रवी, बाई जिती हाय. घरी ये.' मीच सांगितलं व्हतं तुला लिहायला.

मुजाहिद : हो.

पुंजाजी : म्हंजे मीच खाल्लं. पोराला मीच खाल्लं.

(मुजाहिद उठून कॅफेचं शटर अर्ध्यावर ओढतो. परत खुर्चीत बसत नाही. बसायचं धाडस त्याला होत नाही.)

मुजाहिद : तुमचं काही राहिलं नाही, काका. मी ते तुम्हाला सांगितलंच नव्हतं.

पुंजाजी : काय न्हाई सांगितलं?

मुजाहिद : ते शेवटचं. मला वाटलं, एवढं लांबलचक डायव्हर लोकांना जमणार नाही. त्याच्याशिवाय पत्ता चालेल अशी सोय करता येते. चार ओळींची एक फाइल ठेवायची. मग नुसतं जिवनबाई टाकलं तरी पान बराबर उघडतं.

पुंजाजी : मग ठेवली न्हाई?

मुजाहिद : ठेवली, पण इथं. साइटची एक नक्कल या कॉम्प्युटरवर असते. तिच्यात ठेवली, उघडून पाहिलं, उघडलं. तुम्हाला फोन केला, छापून घ्या. लोकांना दिसते ती साइट पुण्याच्या सर्व्हरवर आहे. तिकडं पण चढवायची होती. तेवढ्यात लाइट गेली. लाइट आली तर लग्नपत्रिकांचं काम आलं. डोक्यात बसलं की झालंय. अल्ला कसम काका, परत आठवलंच नाही.

पुंजाजी : किती वेळाचं काम हाय ते?

मुजाहिद : दोन मिनिटांचं.

पुंजाजी : दोन मिनिटं.

मुजाहिद : काही तरी बोला. शिव्या द्या मला.

पुंजाजी : शिव्या देऊन काय करू? तू ते कर. आता, माझ्या देखत.

मुजाहिद : आता कोणासाठी?

पुंजाजी : कर.

मुजाहिद : चढवली. आता चिठ्ठीवरचं टाकतो, तसंच्या तसं. बघा.

पुंजाजी : उघडलं.

मुजाहिद : हे पान काढून टाकू का, काका? तुम्ही म्हणाल तसं.

पुंजाजी : राहू दे. चिठ्ठ्या अजून लोकांच्या खिशात हायेत. कोणी पाहिलं तर पाहू दे. माझ्या पोरानं कोणाला मारलं नव्हतं, एवढं तर कळंल.

मुजाहिद : मला तुमच्याकडं बघायची हिंमत होईना.

पुंजाजी : माझं सोड. सोजराला यातलं काहीच माहीत न्हाई.

मुजाहिद : काकूंना नेमसिंगनं सांगितलं नाही?

पुंजाजी : चिठ्ठी देली त्या दिवशी नेमसिंगचा फोन आला व्हता. पोरगं आत्ताच नेटवर गेलं, एवढंच बोलला. तिनं तेवढंच धरलं. रोज एक भाकर जास्तीची थापायची. आठ दिवस झाले, रवी आला न्हाई. तवा म्हणली, समदं पाहिलं अन् तरी आला न्हाई, माया तुटली त्याची. मातीच्या दिवशी रडली बी न्हाई. अजून त्यालाच बोल लावून राहिली.

मुजाहिद : मी येतो. माझी गलती होती, मीच सांगतो त्यांना.

पुंजाजी : तुझी गलती मागून सांग. आधी तिला एवढंच सांग, की रवीला ते पान दिसलंच न्हाई.