उरलेली पानं

बसून घ्या. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. आपल्या मंडळात पुढे बसायला सगळे लाजतात. आज लाजायचं कारण वेगळं आहे, तेव्हा पुढे येऊनच बसा.

कॅथरीनबाईंच्या घरचे आले आहेत. त्यांची सून शर्लिन आली आहे. भुईगावहून, नालासोपाऱ्याहून, विरारहून तुम्ही सगळे आलात. शोकसभेत वक्त्याने म्हणायचं असतं की शब्द सुचत नाहीत. मला शब्द सुचले नाहीत असं कधी झालेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज सुचतायत, पण ते माझ्या तोंडी शोभत नाहीत.

बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि आपल्या वाचक मंडळात आल्या. आपली पद्धत काय? महिन्यातून एकदा जमायचं. प्रत्येकाने थोरामोठ्यांच्या पुस्तकातला एक वेचा आणायचा. उभं राहून वाचायचा. टाळ्या. मग चहा. बाईंनी पहिल्याच दिवशी आपले वामनराव वाचून खाली बसायच्या आत विचारलं, "छान आहे. आता हे घरी नेऊन काय करणार?"

वामनराव म्हणाले, "फ्रिजवर लावणार."

"मग फ्रिजमधलं दूध तरी शहाणं होईल," बाई म्हणाल्या.

हसा. त्यांना चाललं असतं. वामनराव, तुम्हीही हसा, रडू नका.

एकदा त्यांनी एका मोठ्या चित्रकाराच्या चित्राची छापील प्रत आणली. एक बाई खिडकीपाशी बसून काहीतरी शिवते आहे, एवढंच. म्हणाल्या, बोलू नका, नुसतं बघा. मी घड्याळ बघितलं, कारण मी कार्यक्रमपत्रिका आखली होती. त्या मला म्हणाल्या, "सुनंदा, ती बाई कुठे पळून चाललेली नाही. तूच चालली आहेस."

पुढे साखरेने त्यांचे डोळे नेले. डोळे! चित्रकलेच्या बाईंचे. शेवटच्या बैठकीला त्या सुनेचा हात धरून आल्या. वेचा आणला नव्हता. म्हणाल्या, "मला आता वाचता येत नाही. आठवड्यातून एकदा कोणीतरी घरी या आणि वाचून दाखवा. चहा मी देईन." एवढंच मागितलं. त्यावर आपण काय केलं? टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या. पाळ्या लावायचं ठरलं. कोणी म्हणालं, भुईगाव आत पडतं, येताना रिक्षा मिळत नाही. कोणी म्हणालं, नातवंडांच्या परीक्षा आहेत. मी म्हणाले, ग्रुपवर ठरवू.

आणि ग्रुपवर काय ठरलं? ग्रुपवर आपण त्यांना धीर दिला. रोज सकाळी सुविचार. जगातल्या मोठमोठ्या तत्त्वज्ञांचे, सूर्योदयाच्या फोटोवर, पिवळ्या अक्षरांत. आतल्या डोळ्याने बघा. अंधारालाही अर्थ असतो. मंडळी, ज्यांना दिसत नव्हतं त्यांना आपण वाचायला पाठवत होतो. आणि हे एकालाही खटकलं नाही. पुस्तकात आयुष्य घालवलेली माणसं आपण!

शर्लिनने परवा, दफनविधी झाल्यावर, मला सांगितलं. रागाने नाही, सहज. सातिवलीला कंपनीत दिवसभर काम करून ती घरी यायची, स्वयंपाक उरकायची आणि आपले सुविचार सासूबाईंना वाचून दाखवायची. बाई घरच्या बोलीत म्हणायच्या, पुरे झालं ज्ञान, आता गोष्ट वाच. पान-दीड पान झालं की शर्लिनचे डोळे मिटायचे. मग बाईच म्हणायच्या, झोप बाळा.

मी मात्र एकदा गेले होते. वाचायला नव्हे. माझ्या व्याख्यानाचं निमंत्रण द्यायला. विषय होता, साहित्य माणसाला माणसाजवळ कसं नेतं. बाई बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. माझ्या चपलांच्या आवाजावरून मला ओळखलं. आत्ता शर्लिनच्या हातात आहे ते पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. भावाशी भांडून घर सोडून गेलेल्या एका सुताराची ही कादंबरी.

"सुनंदा, तू वाचलीयस ना ही?"

"दोनदा."

"तो सुतार परत जातो का गं घरी?"

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "बाई, सांगितलं तर मजा जाईल. पुढच्या खेपेला आपण दोघी वाचू."

"पुढच्या खेपेला म्हणजे कधी?"

"हे व्याख्यान एकदा होऊ दे."

व्याख्यान झालं. चांगलं झालं. तुम्ही सगळे होतात, टाळ्या मिळाल्या. पुढची खेप झाली नाही.

या कादंबरीत एक परिच्छेद आहे, माफ करणारा माणूस आधी चालत जातो, अशा अर्थाचा. मी त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली आहे. दोनदा वाचली तेव्हा दोनदा ओढली. माझ्या घरापासून भुईगाव किती लांब आहे, सांगा मला?

मी माफी मागणार नाही. ज्यांच्याकडे मागायची त्या गेल्या, आणि शर्लिनकडे मागितली तर ती भलेपणाने देऊन टाकेल. मला ती इतक्या स्वस्तात नको.

आता प्रथेप्रमाणे मी तुम्हाला उभं राहून शांतता पाळायला सांगायला हवं. नाही सांगणार. आपण त्यांना पुष्कळ शांतता दिली. त्या ओट्यावर बसून रिक्षाच्या आवाजाकडे कान लावायच्या आणि आपण शांत होतो.

शर्लिन, ते पुस्तक दे इकडे. ही कागदाची पट्टी इथे आहे, इथवर त्यांचं ऐकून झालं होतं. थोडीच पानं उरलीत. मी वाचते. माझा आवाज थकला की वामनराव, तुम्ही घ्या. मग तुमच्या शेजारचे. ज्याला घाई असेल त्याने आत्ता उठावं.

बाई, सुतार नदीपाशी पोचलाय. ऐका.