शिवणाच्या खोलीतला संगणक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन माननीय आप्पाण्णा चौगुले साहेब, मुख्याध्यापिका अनुराधा मॅडम, व्यासपीठावरचे सन्माननीय संचालक, कोगनोळी नाक्यावरच्या गर्दीतून वाट काढत वेळेवर पोचलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी हा मांडव घातला त्या आमच्या क्लार्क श्रीमती राजमती मगदूम, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या राजमती आक्का, माजी विद्यार्थी, पालक, आणि सगळ्यात शेवटी माझे सहकारी शिक्षक बंधू-भगिनी. तुम्हाला शेवटी घेतलं ते मुद्दाम. का, ते पुढं कळेलच.

मी रवळू गोरल. गणित आणि संगणक शिकवतो. मूळचा येळ्ळूरचा. येळ्ळूरचा म्हटल्यावर माणूस हट्टी असणार, हे या भागात वेगळं सांगावं लागत नाही. मॅडमनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मॅडम, आज मला जरा जास्त लागतील. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी अकरा वर्षं घेतलीत, त्या मानानं हे काहीच नाही.

निरोपाच्या भाषणात गोड बोलायची पद्धत आहे. शांत स्वभाव, वक्तशीरपणा, हसतमुख चेहरा. आक्कांच्या बाबतीत हे सगळं खरं आहे आणि आधीच्या चार वक्त्यांनी ते सांगून झालंय. मला जे सांगायचंय ते यांच्यापैकी एकानंही सांगितलं नाही. सांगणार कसे? सगळे त्यात सामील होते.

पाहुण्यांसाठी थोडं मागं जातो. अकरा वर्षांपूर्वी आपल्या शाळेला आठ जुने संगणक देणगीत मिळाले. त्यांच्यावर कुणीतरी विंडोजची नकली सीडी घातलेली होती. आठवड्याला एक यंत्र व्हायरसनं आडवं पडायचं. दोष विंडोजचा नव्हता, आपल्या फुकट्या स्वभावाचा होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो. मग मी उन्हाळ्याची सुट्टी घालवून आठही यंत्रांवर लिनक्स टाकलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, विंडोज जसं संगणक चालवतं तसंच हेही चालवतं. फरक एवढाच, की ते कुणीही फुकट आणि राजरोस वापरावं, हवं तसं बदलावं. आणि त्यात सगळे मेनू मराठीत करता येत होते.

जूनमध्ये सातवीच्या मुली आल्या. एकीनं पडद्यावर ‘जतन करा’ वाचलं आणि मला विचारलं, ‘सर, ह्याला मराठी येतंय?’ आपल्या सीमाभागात मराठी माणसानं मराठीसाठी काय काय केलंय ते इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. त्या मुलीनं तसं विचारलं आणि मी डस्टर उचललं. पाठ फिरवून फळा पुसत राहिलो. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

तिथून माझं डोकं फिरलं, असं माझी बायको म्हणते. मी इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्यांच्या गटात शिरलो. तो एक वेगळाच गाव आहे. तिथं माणसं एकमेकांचं तोंड न बघता वर्षानुवर्षं भांडतात, आणि कशावरून, तर पडद्यावरची पट्टी वर असावी की खाली. मीही भांडलो. विंडोजवाल्यांना म्हणायचो, तुमचा मेनू दर चार वर्षांनी जागा बदलतो, नवीन सुनेनं स्वयंपाकघरातले डबे हलवावेत तसा. ते म्हणायचे, तुमचा प्रिंटर चालतो का ते आधी सांगा. ते खरं होतं. आमच्या प्रिंटरला मी एकदा हळदकुंकू लावलंय, आपला शिपाई जोतिबा साक्षीला आहे.

आणि त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनानंतर, याच पटांगणात माइक हातात घेऊन मी एक पण केला. म्हटलं, या शाळेतून एक जरी कागद विंडोजवरून बाहेर गेला, तर त्या दिवशी लॅबची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवीन आणि परत संगणकाला हात लावणार नाही. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पाण्णा साहेब, तुम्ही पहिल्या रांगेत होता. सगळ्यात जास्त तुम्ही वाजवल्या.

आता, दर महिन्याला शाळेची माहिती वरच्या कार्यालयाला पाठवावी लागते. पट, हजेरी, दुपारचं जेवण, सगळं. तक्ता वरूनच येतो, कन्नडमध्ये, जुन्या पद्धतीच्या अक्षरांत. मी माझ्या मराठी यंत्रावर माहिती भरायचो, पेन ड्राइव्ह आक्कांकडं द्यायचो. कन्नडमध्ये उतरवून पाठवायचं काम त्यांचं, आणि ते लॅबमधूनच होतं असं मी धरून चाललो होतो. त्या म्हणायच्या, ‘द्या सर, बघते.’ दुसऱ्या दिवशी म्हणायच्या, ‘गेलं सर.’ मग मी स्टाफरूममध्ये येऊन जाहीर करायचो, की बघा, आणखी एक महिना, लिनक्सवरून, काही अडलं नाही. आणि तुम्ही म्हणायचा, वा सर. आता ती ‘वा सर’ आठवतात. ओढणीआड हसणारी कोण आणि खिडकीबाहेर बघणारं कोण, तेही आठवतं.

मला जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला. मुक्त प्रणालीवर चालणारी आदर्श प्रयोगशाळा. माझ्या घरी दिवाणखान्यात फ्रेम लावलेली आहे. गटावर मी तिचा फोटो टाकला. साताऱ्याकडच्या एका गृहस्थानं लिहिलं, ‘सर, ते कन्नड तक्ते लिनक्सवर उघडतच नाहीत, तुम्ही म्हणता ते शक्य नाही.’ मी त्याला दोन दिवस सोलून काढला. तुम्हाला जमत नाही म्हणून कुणालाच जमत नाही का, वगैरे. शेवटी तो गट सोडून गेला.

गेल्या महिन्यात आक्कांच्या चार्जची यादी झाली. सेवानिवृत्त होणाऱ्यानं आपल्या ताब्यातली एकेक वस्तू लिहून द्यायची, दोघांनी तपासून सही करायची. त्या दोघांतला एक मी. खुर्च्या, कपाटं, शिक्के, सगळं जुळलं. सत्तेचाळीसाव्या ओळीवर लिहिलं होतं: संगणक एक, विंडोज, शिवणाची खोली. मी हसलो. म्हटलं, आक्का, हे चुकून आलंय.

त्या म्हणाल्या, ‘चुकून न्हाय सर. या माझ्याबरोबर.’

शिवणाच्या खोलीत मी नोकरीच्या उभ्या आयुष्यात गेलो नव्हतो. तिथं मुली बसतात, पुरुष शिक्षकाचं काय काम? मागच्या भिंतीला चार शिवणयंत्रं झाकून ठेवलेली, मुलींनी भरतकाम केलेल्या कापडांनी. चौथं कापड काढलं तर खाली संगणक होता. त्यावर अकरा वर्षांचे तक्ते, महिन्यावार. माझी फाइल इथं यायची, त्या ती कागदावर उतरवून घ्यायच्या आणि सगळं पुन्हा कन्नडमध्ये टाइप करून पाठवायच्या. एकही तक्ता माझ्या लॅबमधून गेला नव्हता. आणि मंडळी, माझ्या पुरस्काराचा अर्जसुद्धा तिथूनच गेला होता.

मी विचारलं, कुणाकुणाला माहीत आहे? आक्का कापडाची घडी घालत राहिल्या. जोतिबा दारात उभा होता, तो म्हणाला, ‘सर, तुमाला सोडून समद्यास्नी.’

समद्यास्नी. मुख्याध्यापिकांना. चेअरमन साहेबांना, कारण यंत्र त्यांनीच घेऊन दिलं होतं. मुलींना, ज्यांना मी विंडोजचे तोटे फळ्यावर लिहून द्यायचो आणि ज्या पुढच्या तासाला तिकडं जाऊन त्याच्या शेजारी टाके घालायच्या. माझा वृषभ, माझा सगळ्यात लाडका विद्यार्थी, आता बेंगळूरुला मोठ्या कंपनीत आहे, त्याला मी त्याच दिवशी फोन केला. म्हटलं, तुला ठाऊक होतं? तो म्हणाला, ‘सर, सातवीपासून.’ आज तो इथं मागं बसलाय. मान खाली घालू नकोस रे, सगळ्यांनीच घातली आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय ते. यंत्र हे काय नि ते काय. पण अकरा वर्षं एखाद्या माणसाला त्याच्या विजयाच्या गोष्टी सांगू द्यायच्या, आणि तो निघून गेला की एकमेकांकडं बघायचं, याला काय म्हणतात? मला फसवलं म्हणून दुखलं नाही. माझी कीव केली म्हणून दुखलं. आजही दुखतंय, आणि हार घालून ते थांबणार नाही.

मी आक्कांना त्याच दिवशी विचारलं होतं, मला सांगितलं का नाही. त्या म्हणाल्या, ‘पहिला तक्ता तुमच्या पणाच्या आदल्या महिन्यातच गेलता, सर. सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली ठेवली असती. तुम्ही ठेवलीच असती. मग पोरींनी कुठं शिकायचं?’ मग म्हणाल्या, ‘आणि तुम्ही तो मोकळा फळा पुसत होता, ते मी दारातून बघितलं होतं.’

मी तिथून निघून आलो. तीन आठवडे त्यांच्याशी बोललो नाही. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईशी. त्या रोज ‘नमस्कार सर’ म्हणायच्या, मी हजेरीपट चाळायचो. मॅडम मला भाषणाचं विचारायला आल्या तेव्हा मी नाही म्हटलं. मॅडम म्हणाल्या, गोरल सर बोलणार नसतील तर मी समारंभाला येत नाही, असं आक्का म्हणतात. मग मी घरी जाऊन एक पत्र लिहिलं. माझा पण मोडला आहे, शब्द पाळतो, किल्ली सोबत जोडली आहे. ते आज इथं व्यासपीठावर सगळ्यांसमोर द्यायचं ठरवलं होतं. पत्र या खिशात आहे. किल्ली या खिशात.

पण काल दुपारी एक गोष्ट घडली. आक्कांच्या जागी आलेली सौम्या माझ्याकडं आली. तिला रुजू होऊन चार दिवस झालेत. ती बैलहोंगलकडची, कन्नड तिचं घरचं, पण मराठी वाचता येत नाही. महिन्याचा तक्ता पाठवायची शेवटची तारीख होती, माझी माहिती मराठीत, आणि आक्का रजेवर. ती म्हणाली, सर, मी आकडे कुठले कुठं भरू?

आता, कन्नड मला बोलता येतं. बाजारात घासाघीस करता येते, बसमध्ये भांडता येतं. लिहायचं नाही, हा माझा हट्ट. चाळीस वर्षं सांभाळलेला. सौम्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि जोतिबाला म्हटलं, शिवणाच्या खोलीची किल्ली आण.

काल मी विंडोजवर बसलो. होय, हे मी माइकवरून सांगतोय. एका बोटानं एकेक कन्नड अक्षर शोधत, सौम्या वाचून दुरुस्त करत. तीन वेळा सगळं पुसलं गेलं, ती चूक माझीच होती. दोनला बसलो तो तक्ता गेला तेव्हा खिडकीबाहेर अंधार पडत होता. पाठ धरली होती. जोतिबानं चहा आणला आणि सहज बोलून गेला, ‘आक्का या दिवशी उपाशीच जायच्या, सर.’

मला कळेना. मग कळलं. आक्का सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. त्यांच्या घरचा नियम आहे, लहानपणापासूनचा. तक्त्याच्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या त्या खोलीत बसायच्या. घरी पोचेपर्यंत सूर्य गेलेला असायचा. मग पाणीसुद्धा न घेता झोपायच्या. दर महिन्याला एक संध्याकाळ, अकरा वर्षं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणायच्या, ‘गेलं सर.’ मग मी स्टाफरूमकडं पळायचो, जाहीर करायला.

आक्का, मी तुम्हाला माफ केलं, असं म्हणणार नाही. मला सांगायला हवं होतं. मी रागावलो असतो, किल्ली आपटली असती, आठ दिवसांनी परत घेऊन गेलो असतो. येळ्ळूरचा माणूस हट्टी असतो, तेवढाच आठ दिवसांनी परतही येतो. तुम्ही मला ती संधी दिली नाही. हे माझं तुमच्याविरुद्धचं गाऱ्हाणं आहे आणि ते तुम्ही घरी घेऊन जा, शालीबरोबर.

पण आज संध्याकाळचं जेवण मी साडेपाचला ठेवायला लावलंय. आप्पाण्णा साहेब, अध्यक्षीय भाषण कृपा करून आखडतं घ्या. आज आक्का सूर्य असताना जेवून घरी जातील, आणि पहिला घास त्या घेईपर्यंत इथलं कुणी ताटाला हात लावणार नाही.

पत्र मी सकाळीच फाडलं, खिशात आहेत ते तुकडे. साताऱ्याच्या गृहस्थांचा नंबर मिळवलाय, त्यांना फोन करून तुमचं बरोबर होतं असं सांगणार आहे. लॅबची किल्ली माझ्याकडंच राहील. लॅबमध्ये मराठीच राहील, जतन करा हेच राहील. शिवणाच्या खोलीची दुसरी किल्ली काल जोतिबानं मला दिली, ती घेतली. महिन्याचा तक्ता यापुढं मी आणि सौम्या मिळून करू.

एक शेवटचं राहिलं. काल ते यंत्र सुरू केलं तेव्हा त्यानं पासवर्ड मागितला. आक्कांनी चार्जच्या यादीला एक चिठ्ठी टाचून दिली होती, घडी घातलेली. ती मी काल उघडली. इंग्रजी अक्षरांत, सगळी एकत्र लिहिलेली: सरांना सांगू नका. अकरा वर्षं ज्यानं कुणी ते यंत्र उघडलं, त्यानं आधी हे लिहिलं. काल ते मी माझ्या बोटानं लिहिलं.

उपस्थित सर्वांनी माझं एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान कमी-जास्त झाला असेल, तर तो माझ्या जिभेचा दोष, मनाचा नव्हे. पोटात घाला. आणि आक्का, पासवर्ड मी बदलणार नाही.