शेवटच्या पंगतीचा माणूस

आम्ही पिढीजात ख्रिस्ती, नाशिकचेच. माझा बाप्तिस्मा मी तान्हा असताना झाला, पाळकसाहेबांनी कपाळावर पाणी घातलं आणि मी त्यांचा झगा ओला करून परतफेड केली, असं आई माझ्या लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा सांगायची. तारणासाठी, म्हणजे मोक्ष म्हणा हवं तर, मी केलेली मेहनत तेवढीच. पुढं सातपूरला एका वर्कशॉपात लेथवर लागलो, तिथं ऑफिसात रेखा होती, मखमलाबादकडची, गुलाब पिकवणाऱ्या माळ्यांची मुलगी. तिनं माझ्यात काय बघितलं ते मी अजून विचारलेलं नाही, उगाच ती विचार करायला बसली तर काय घ्या.

तिनं बाप्तिस्मा घेतला, आमचं लग्न झालं आणि तिचे वडील, म्हणजे आमचे मामा, बरीच वर्षं बोलले नाहीत. मग आम्हाला मुलगी झाली आणि एका रविवारी मामा चर्चच्या दारात उभे, डोक्याला टोपी, हातात केळीच्या पानात बांधलेले गुलाब. म्हणाले, तुमच्या देवालाबी फुलं लागत असतीलच की. नव्वदनंतरची गोष्ट ही. आधी फुलं ठेवून निघून जायचे, मग मागच्या बाकावर बसायला लागले, मग गाणी म्हणायला लागले, भजनी मंडळाचा गळा तो, आमची पेटी बिचारी त्यांच्या मागं पळायची. पाळकसाहेबांनी विचारलं, मामा, विश्वास आहे ना? तर म्हणाले, त्याच्याबिगर का येतो, साहेब?

आता काय सांगू तुम्हाला, हेही लिहून घ्या, आमच्यात प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस, ते बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं. सगळे पुढं जायचे आणि मामा मागं एकटे. मला अवघड वाटायचं. मी म्हणायचो, मामा, घ्या की आता बाप्तिस्मा. ते म्हणायचे, तुम्ही बसून घ्या जावईबापू, आम्ही घरची माणसं, आम्ही शेवटच्या पंगतीला.

एका वर्षी स्वतःच म्हणाले, घेतो. पण कपाळाला पाणी लावून नाय, ज्या पाटानं माझा मळा भिजवला त्या पाटात बुडी मारून. पाळकसाहेबांनी पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, ठरवला. कॅलेंडर चर्चचं, पाणी मात्र पाटबंधारेवाल्यांचं. आम्ही चटया, पेटी, चहाची किटली घेऊन पोहोचलो तर पाटात शेळ्या. आदल्या संध्याकाळीच पाणी बंद केलेलं. पांढरा झगा सावरत पाळकसाहेब चिखलात उभे. म्हणाले, विहिरीवरून घागर आणू. मामा म्हणाले, राहू द्या साहेब, पाटाला पाणी येईलच की, मी कुठं पळतोय? मग चहा पिऊन सगळे घरी.

पाटाला पाणी यायच्या आधी मामा गेले. मळ्यातच, छातीत कळ येऊन. त्यांच्या मुलानं आणि भावांनी त्यांच्या रीतीनं सगळं केलं, पाळकसाहेब बाजूला हात जोडून उभे राहिले.

माझा थोरला भाऊ, दादा, तो बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीत गेलेला, तान्हेपणी कपाळाला लावलेलं पाणी ते धरत नाहीत, म्हणून माझी तर त्यानं आशा कधीच सोडलेली. भेटायला आला. मायेचा माणूस, पण जीभ सरळ. म्हणाला, पाण्याशिवाय तारण नाही रे, मी काय करू. पाळकसाहेब बसलेलेच होते, ते म्हणाले, बाप्तिस्मा टाळू नये हे खरं, पण तारतो तो प्रभू, पाणी नव्हे, प्रभूच्या शेजारी क्रुसावर खिळलेल्या चोराला प्रभूनं स्वर्गाचा शब्द दिला, त्याला कोणत्या पाटावर नेलं होतं? दादा म्हणाला, चोराला वेळ नव्हता, मामांना वर्षं होती. मी दोघांना चहा दिला, शास्त्रात माझी मजल तेवढीच.

रेखा मात्र दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तेव्हापासून ती प्रभुभोजनाला पुढं जाईना. मामांच्या बाकावर बसून राहायची. मी लय समजावलं. एकदाच बोलली, माझा बाप बाहेर उभा असेल तर मी आत कशी जेवू?

अशी वर्षं गेली, आणि तिच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात रेखा दिवसभर वाढत होती, मी जावई म्हणून पहिल्याच पंगतीला हात धुऊन मोकळा. शेवटी घरचे बसले तर भात तळाला, बुंदी संपलेली. रेखा म्हणाली, राहू द्या, भूक नाही. आचारी म्हणाला, ताई, बसा तुम्ही. आणि मांडवाच्या कोपऱ्यातून पोत्यानं झाकलेलं एक पातेलं ओढत आणलं. म्हणाला, घरच्यांचं आम्ही आधीच काढून ठेवतो, शेवटच्या पंगतीला कमी पडलं तर आमचं नाव जाईल.

रेखा त्या पातेल्याकडं बघत राहिली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. बायकांना वाटलं, भाची सासरी चालली म्हणून. मला हळूच म्हणाली, अहो, बाबांचंही काढून ठेवलं असेल ना?

मी म्हटलं, असणारच.

पुढच्या प्रभुभोजनाला ती उठली, सगळ्यांच्या शेवटी. दादाला त्या पातेल्याचं सांगितलं तर तो म्हणाला, हे शास्त्रात नाही. मी म्हटलं, नसेल. मग तोच म्हणाला, मामांचे गुलाब मात्र फार छान असायचे.

आता मळ्याच्या जागी इमारती झाल्यात, वेदीवरची फुलं आम्ही विकत आणतो. रेखा अजून शेवटीच जाते आणि मी तिच्या मागं. जन्मभर पहिल्या पंगतीत बसलेल्या माणसाला शिक्षाच ही, पण चालायचंच. झालं तुमचं लिहून? मग जेवूनच जा. एवढं ऐकलंत म्हणजे घरचेच झालात, आपण शेवटी बसू. कमी पडायचं नाही.