मिठाची मूठ

मंडळी, एक सांगा. माणसाला अभिमान असावा की नसावा? हं! अर्धे म्हणतात असावा, अर्धे म्हणतात नसावा, आणि मागे खांबाला टेकलेले म्हणतात, बुवा, प्रसादाला किती वेळ आहे! इंग्रजीत म्हणे एकच शब्द — प्राइड. ताठ्यालाही प्राइड, आणि लेकीनं नाव काढलं म्हणून बापाची छाती फुगली, तर तेही प्राइडच! आपण शहाणे. गर्व वेगळा, ताठा वेगळा, स्वाभिमान वेगळा. पण मनात ते वेगवेगळ्या डब्यांत राहतात का हो? नाही राहत. ऐका!

काळेश्वराच्या देवळात दरसाल भंडारा व्हायचा, आणि आमटी द्वारकाबाईंच्या हातची. सगळं गाव त्यांना मावशी म्हणे. आता भंडाऱ्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे — नैवेद्य दाखवायच्या आधी चव घ्यायची नाही. मोठालं पातेलं, आणि मीठ नुसत्या अंदाजानं! पण मावशींची मूठ कधी चुकली नाही. मुठीतून मीठ सोडताना त्यांची मान अशी ताठ व्हायची, की देवळाच्या कळसानं लाजून खाली बघावं! सून वेणू गुणाची, पण तिला पळ्याला हात लावायची मुभा नव्हती.

त्या साली काय झालं? आमटी उकळली. मावशींनी मूठ भरली. तेवढ्यात नव्यानं लग्न होऊन आलेल्या चार पोरी म्हणाल्या, मावशी, तुम्हाला अंदाज कसा हो येतो? झालं! मावशींनी मूठ परत मिठाच्या भांड्यात, सटात सोडली आणि सांगायला बसल्या — सासूनं कसं शिकवलं, जावेचं कसं खारट झालं, आपलं कसं कधीच नाही. गोष्ट संपली, आणि मूठ सटातच राहिली!

वेणूनं भरलेला सट पाहिला. हळूच म्हणाली, "आत्याबाई, मीठ घातलंत ना?"

"तू मला मीठ शिकवणार?"

वेणूला वाटलं, आपण घालावं, तर न जाणो, आधीच पडलं असलं तर? चाखायची तर सोय नाही. नैवेद्य गेला. देवानं अळणी खाल्लं आणि चकार शब्द काढला नाही. देवाचं हे एक बरं असतं! वेणूनं प्रसादाची आमटी चाखली, तर अळणी! पण मावशी पातेल्यापाशीच उभ्या, आणि पानं मांडलेली. वेणूनं काय केलं? मीठ वाढायला स्वतः निघाली. चिमूटभर वाढायचं, तिथं ढीग वाढला, आणि वाकून प्रत्येकाला म्हणाली, आत्याबाईंना कळू देऊ नका.

आणि मंडळी, गाव जेवलं! केरबातात्या म्हणजे लग्नातल्या जिलबीत खोड काढणारा माणूस. तोसुद्धा मुकाट्यानं आमटीत मीठ कालवत होता.

मावशी रिवाजाप्रमाणे पंगतीतून फिरायला आल्या. कशी झालीय, तात्या?

"बेस झालीय, मावशी. जरा मीठ वाढा की."

मावशी थबकल्या. केरबा बेस म्हणाला? आणि मीठ? त्यांनी पानं बघितली. ज्या कोपऱ्यात दरसाल मीठ तसंच उरायचं, तो प्रत्येक पानातला कोपरा पुसलेला! मावशींना सट आठवला. देवाला आपण अळणी जेवू घातलं, आणि हे सगळे आपलं मन राखत बसलेत! वाटलं, मागच्या दारानं निघून जावं. कुणी अडवलं नसतं. कुणी कधी विषयही काढला नसता.

पण त्या पंगतीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"आमटी अळणी झालीय," त्या म्हणाल्या. "चूक माझी. वेणूनं विचारलं होतं, मी ऐकलं नाही."

दुसरी पंगत बसायची होती. मावशींनी पळा सुनेच्या हातात दिला. मीठ तू घाल म्हणाल्या.

"चुकलं तर, आत्याबाई?"

"मी पानावर बसते ना. गावानं मला सांभाळलं, तुला मी सांभाळीन."

आणि द्वारकाबाई आयुष्यात पहिल्यांदा भंडाऱ्याच्या पंगतीला बसल्या. घास घेतला. शेजारणीनं विचारलं, कुणाच्या हातची हो आमटी? मावशी म्हणाल्या, "माझ्या सुनेच्या." आणि मान पुन्हा ताठ झाली! तीच मान, तोच ताठा. पण सकाळी त्या ताठ्याखाली सून दबली होती, आणि आता त्याच्याच आधारानं उभी होती.

तेव्हा मंडळी, अभिमान म्हणजे मीठ. नसेल तर जन्म अळणी, फार झालं तर माणूस तोंडात धरवत नाही. आत्ता आपली पंगत बसेल. आधी मीठ वाढतील. त्या चिमटीकडे बघा, आणि मनाला विचारा — माझी अळणी आमटी घरात कोण गोड मानून घेतंय? कुणी मला काही विचारलं होतं, आणि मी ऐकलं नाही? आणि हातातला पळा कुणाला द्यायचा राहिलाय का? आज घरी जाऊन देऊन टाका. म्हणा काळेश्वराचं नाव — आणि मांडा पानं!