तिसऱ्या भोकामागची तार

विजेच्या सामानाच्या दुकानातली रांग हलेना, तसे बल्ब घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी कान टवकारले. पुढे एक घरमालक आणि त्यांचा वायरमन होते.

“भाड्याचा फ्लॅट आहे रे. रंग झकास मारलाय, बटणं नवी दिसली की झालं.”

“साहेब, अर्थिंगची तारच नाहीये. गीझर शॉक देईल.”

“तीन भोकांचं सॉकेट लाव. तिसऱ्यामागे तार आहे का, हे कोण बघतंय भिंतीत डोकावून?”

“तुमचा बिल्डरही हेच म्हणाला होता.”

“कुठला बिल्डर?”

“तुम्ही राहता त्या बिल्डिंगचा. तिथलं वायरिंग मीच केलंय.”

घरमालकांनी घाईघाईने फोन लावला.

“अगं, गीझर बंद कर आधी... आणि तू, उद्याच घरी येऊन तार टाक.”

“आणि फ्लॅटला?”

“तिथे रंग झालाय ना.”